श्रोता आधी, कवी नंतर : मालिका, स्पर्धा आणि गावाकडचा प्रेक्षक (दीर्घ धागा)

१.
जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव नावाचे गाव आहे. याच तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. नारायण सूर्याजी ठोसर यांचा जन्म तेथे १६०८ साली रामनवमीला झाला. या परिसरातला माणूस आज रात्री जेवणाच्या वेळी ऐतिहासिक मालिका पाहतो, गाण्याच्या स्पर्धेत कोण जिंकावे यावर घरच्यांशी हुज्जत घालतो आणि एखादा प्रसंग न पटल्यास 'असं कुठं असतंय का' म्हणून मोकळा होतो. या उद्गारालाही इतिहास आहे. आजचा धागा त्या इतिहासाचा.

२.
प्रारंभ दासबोधापासून करणे योग्य. ग्रंथाच्या पहिल्या दशकात स्तवनांची रांग आहे. गणेश, शारदा, सद्गुरू आणि संत यांच्यानंतर सहावा समास येतो श्रोतेस्तवनाचा. कवेश्वरांचे स्तवन त्यानंतर, सातव्या समासात. म्हणजे समर्थांनी ऐकणाऱ्याला रचणाऱ्याच्या आधीचे पान दिले. पुराण सांगणारा कितीही थोर असला तरी समोरचा माणूस जागा नसेल, तर सांगणे वाया जाते, ही त्या काळच्या सभेची साधी जाण होती.

३.
गेल्या पाच दशकांत मराठी घरांत दूरचित्रवाणी रुजली. या काळात प्रेक्षकाने पत्रे लिहिली, मग प्रेक्षकाची मोजणी झाली, आणि अलीकडे प्रेक्षकाचा रोष बातमी होऊ लागला. त्याचे म्हणणे नीट ऐकून घेण्याचे काम मात्र मागे राहिले. इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे, एवढेच या धाग्याचे प्रतिपादन.

४.
प्रथम एक गैरसमज दूर करावा लागेल. 'मालिका पाहून इतिहास शिकणारे' हा शब्दप्रयोग समाजमाध्यमांवर हेटाळणीने वापरला जातो. त्यामागे गृहीत असे की, गावातला प्रेक्षक पडद्यावरचे सारे खरे मानतो. मराठी गावाचा सांस्कृतिक इतिहास या गृहीताला पाठिंबा देत नाही.

५.
नारदीय कीर्तनाची बांधणी पाहा. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. आख्यानाची कथा श्रोत्यांना आधीच पाठ असते. हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे ठाऊक असतानाही ते डोळे पुसतात आणि बुवांनी पदरचे काही घातले तर तेही ओळखतात. तमाशातल्या वगात राजा झालेला नट दुसऱ्या दिवशी पारावर चहा पिताना दिसतो. लळितातल्या सोंगांविषयी गाव एकच निवाडा देते : सोंग वठले किंवा वठले नाही. 'सोंग' या शब्दातच सारे आले. समोर आहे तो देव नव्हे, देवाचे रूप घेतलेला माणूस आहे, हे भान ठेवून त्याला नमस्कार करणारा हा प्रेक्षक आहे.

६.
स्पर्धा पाहण्याचे शिक्षणही तितकेच जुने. कलगी आणि तुरा हे शाहिरांचे दोन पंथ. एक शक्तीला श्रेष्ठ मानणारा, दुसरा शिवाला. दोन्ही फड समोरासमोर उभे राहत, कवनातून कूट सवाल टाकत, आणि प्रतिपक्षाला त्याच चालीत जवाब द्यावा लागे. रात्र सरत जाई तशी श्रोत्यांची दाद कोणाकडे झुकते हे सर्वांना कळे. जत्रेच्या कुस्त्यांनी तर मराठीला एक नेमका शब्द दिला : नुरा कुस्ती. आतून संगनमत, वरून झुंज. आजच्या रिॲलिटी शोविषयी 'सगळं आधीच ठरलेलं असतं' अशी जी शंका घरोघर व्यक्त होते, ती या शब्दाची थेट वारस आहे.

७.
आता पडद्याकडे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ७ जुलै १९८४ पासून राष्ट्रीय वाहिनीवर 'हम लोग' ही मालिका आली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत. या मालिकेला सुमारे ४ लाख पत्रे आल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे. पात्रांना सल्ले देणारी, लग्नांविषयी मत मांडणारी, कुणाला दटावणारी अशी ती पत्रे होती. पत्राला कारण लिहावे लागते. एका पोस्टकार्डावर का होईना, प्रेक्षक स्वतःची बाजू मांडत असे.

८.
'रामायण' २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात प्रसारित झाले. रामराज्याभिषेकावर मालिका संपली, तेव्हा उत्तर भारतातील काही शहरांत सफाई कामगारांनी संप केला. त्यांतील अनेकजण वाल्मीकींना आपले मानणाऱ्या समाजाचे होते. लव-कुशाची आणि वाल्मीकींच्या आश्रमाची कथा दाखवावी, ही त्यांची मागणी. पुढे 'उत्तर रामायण' आले. कथेत आपला पूर्वज कुठे आहे, हा प्रश्न विचारून प्रेक्षकांनी मालिकेची व्याप्ती बदलली. भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासातली ही फार महत्त्वाची प्रतिक्रिया होय.

९.
त्याच वर्षीची दुसरी घटना न्यायालयातली. फाळणीवरील 'तमस' ही गोविंद निहलानींची मालिका जानेवारी १९८८ मध्ये सुरू होताच तिच्या प्रसारणाला आव्हान दिले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रसारणाला अनुमती दिली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही मालिकेच्या बाजूने निकाल दिला. कलाकृतीचा परिणाम कोणाच्या नजरेने मोजावा, हा तेथे कळीचा मुद्दा होता.

१०.
उत्तर नागपूरहून आलेले होते. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी स्वातंत्र्यापूर्वी एका खटल्यात निकष सांगितला होता की, शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या दृष्टीने पाहावा. प्रत्येक विरोधी मतात धोका शोधणाऱ्या डळमळीत मनाच्या दृष्टीने पाहू नये. 'तमस'च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच निकषाचा आधार घेतला. कायद्याने प्रेक्षकाला शहाणा मानले. मनोरंजनाचा व्यवसाय आणि समाजमाध्यमांवरचे पंडित अजून तेवढेही मानायला तयार नाहीत.

११.
१९९० च्या दशकात खासगी वाहिन्या आल्या आणि पत्राची जागा टीआरपीने घेतली. निवडक घरांत यंत्र बसवायचे, कोणती वाहिनी किती वेळ चालू होती ते नोंदवायचे आणि त्यावरून जाहिरातीचा दर ठरायचा. यात एक मोठे भगदाड होते. वाहिन्या आणि जाहिरातदार ज्या मोजणीवर विसंबून होते, ती शहरांपुरती होती. खेड्यातले घर तिच्या हिशोबातच नव्हते.

१२.
याचा अर्थ नीट समजून घ्यावा. नोव्हेंबर २००८ मध्ये 'स्टार प्रवाह' वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांची 'राजा शिवछत्रपती' ही मालिका आली. त्याच सुमारास झी मराठीवर 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' गाजत होते. फेब्रुवारी २००९ च्या अंतिम फेरीत आळंदीची कार्तिकी गायकवाड विजयी ठरली. अंतिम पाचांत लातूरचा रोहित राऊत होता आणि मराठवाड्यातली घरे त्याच्यासाठी जीव टाकत होती. कुंभार पिंपळगावसारख्या गावातल्या घराने हे दोन्ही कार्यक्रम रोज पाहिले असते, तरी टीआरपीच्या तक्त्यात त्याची एक रेघही उमटली नसती. एसएमएस मात्र मोजला जाई. कारण त्याचे पैसे पडत.

१३.
बार्क या नव्या संस्थेने एप्रिल २०१५ पासून आकडे देण्यास सुरुवात केली. ऑक्टोबर २०१५ मध्ये ग्रामीण घरांसह पहिली आकडेवारी प्रसिद्ध झाली आणि क्रमवारी हलली. मोफत डिशवर दिसणाऱ्या, जुन्या मालिका पुन्हा दाखवणाऱ्या हिंदी वाहिन्या एकदम वर आल्या. इतकी वर्षे 'देशाची आवड' म्हणून जे सांगितले जात होते, ती शहरांची आवड होती. इतिहासाच्या अभ्यासकाला हा अनुभव परिचित आहे : दफ्तरात ज्याची नोंद नाही, तो जणू अस्तित्वातच नव्हता.

१४.
मोजणीत आल्याने गावाचे म्हणणे ऐकले गेले का? आकडा एवढेच सांगतो की संच चालू होता. का चालू होता आणि का बंद केला, हे तो सांगत नाही. 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही झी मराठीवरील मालिका सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये संपली. ११ मार्च १६८९ रोजी शंभूराजांचे काय झाले, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते. त्यामुळे शेवटचा टप्पा जवळ येऊ लागला तशी घराघरांत घालमेल सुरू झाली. एखाद्या आजीने 'हे माझ्यानं बघवत नाही' म्हणून त्या दिवशी संच बंद केला असेल, तर मालिकेला मिळालेली ती सर्वांत खोल दाद होती. टीआरपीच्या हिशोबात तिची नोंद 'प्रेक्षक घटला' अशी होते.

१५.
उलट बाजूचे उदाहरण अधिक क्लेशकारक आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्यावरील 'सावित्रीजोती' ही मालिका सोनी मराठीवर जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, पुरेसा टीआरपी न मिळाल्याने, थांबली. मधले काही महिने टाळेबंदीमुळे चित्रीकरणच बंद होते. मालिका थांबणार हे कळल्यावर हळहळ व्यक्त झाली, ती चालू ठेवण्याची मागणीही झाली. पण मालिका चालू असताना त्या हळहळीचा आवाज कुठे होता, हा प्रश्न इतिहासप्रेमींनी स्वतःला विचारायला हवा. तलवारीच्या कथांना प्रेक्षक आपोआप मिळतो. शाळा, हौद आणि पुनर्विवाहाच्या कथांना तो जोपासावा लागतो.

१६.
हळहळीपेक्षा रोष लवकर ऐकला जातो. नोव्हेंबर २०१९ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'त प्रश्न आला : औरंगजेबाचा समकालीन राज्यकर्ता कोणता? चार पर्यायांत महाराणा प्रताप, राणा संगा, महाराजा रणजितसिंह अशी नावे आणि एक नुसते 'शिवाजी'. 'महाराणा' आणि 'महाराजा' ही बिरुदे इतरांना लावताना 'छत्रपती' वगळल्याने संताप उसळला. वाहिनीने आणि कार्यक्रमाच्या कर्त्यांनी क्षमा मागितली. आक्षेप रास्त होता. एकाच यादीत दोन मापे वापरणे हे निष्काळजीपणाचे लक्षण.

१७.
पण त्या गदारोळात प्रश्न स्वतः बाजूला पडला. राणा संगांचा मृत्यू १५२८ चा, महाराणा प्रतापांचा १५९७ चा, रणजितसिंहांचा जन्म १७८० चा. औरंगजेबाचे आयुष्य १६१८ ते १७०७. चार नावांतून जवळजवळ तीन शतकांचा पट उलगडता आला असता. बिरुदासाठी हजारो संदेश लिहिले गेले, त्यांतल्या शंभरांनी जरी हा पट मांडला असता, तरी त्या आठवड्यात इतिहासाची मोठी शिकवणी झाली असती. याच पर्वात अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी १ कोटी रुपये जिंकले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या या बाईंनी वाचनाच्या आणि ज्ञानाच्या बळावर मिळवलेला विजय हीसुद्धा त्या वर्षातली ऐतिहासिक नोंद आहे.

१८.
अलीकडचे उदाहरण 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वाचे. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण विजेता ठरला. उपविजेता होता अभिजित सावंत, २००५ साली 'इंडियन आयडॉल'चा पहिला विजेता. जनमताने घडवलेला पहिला मराठी तारा जनमतानेच दुसऱ्या क्रमांकावर आला. निकालावर दोन प्रतिक्रिया उमटल्या. एक : गुण पाहिले नाहीत, सहानुभूतीवर मते पडली. दुसरी : गरिबाचा, गावाकडचा पोर जिंकला.

१९.
या दोन्ही प्रतिक्रियांत तथ्य आहे. परंतु दुसरीची दखल इतिहासाने घ्यावी. ज्याची बोली पडद्यावर विनोदापुरती येते, ज्याचे गाव पार्श्वभूमीपुरते येते, तो प्रेक्षक 'आपला माणूस' दिसताच मत देतो. १९८८ च्या सफाई कामगारांची मागणी आणि २०२४ चे हे मत यांची जातकुळी एकच : या कथेत आम्ही कुठे आहोत?

२०.
हाच प्रश्न कुंभार पिंपळगावच्या प्रेक्षकाने ऐतिहासिक मालिकांना विचारला तर? नोव्हेंबर १६७९. दिलेरखानाने विजापूरला वेढा घातलेला. तो सैल व्हावा म्हणून शिवछत्रपती मोगली मुलुखात शिरतात आणि जालना हे संपन्न व्यापारी शहर गाठतात. चार दिवस शहर लुटले जाते. फकीर सय्यद जान मुहम्मद यांच्या जागेत धनिकांनी आश्रय घेतलेला असतो, तिथेही मराठी सैन्य पोहोचते. परतताना मोगली फौज पाठलाग करते. निकराच्या लढाईत सिधोजी निंबाळकर पडतात, आणि बहिर्जी नाईक आडवाटेने महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेतात. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज निवर्तले. म्हणजे जालन्याची ही त्यांची अखेरची मोठी स्वारी.

२१.
या एका प्रकरणात नाट्याला काय कमी आहे? व्यापारपेठ, फकिराचे ठिकाण, नैतिक पेच, पाठलाग, बलिदान, हेरगिरी. पुढे २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच जिल्ह्यात असईच्या रणात आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि उत्तरायुष्यात, वॉटर्लूचा विजेता म्हणून गाजल्यावरही, असईची लढाई तो विसरला नाही. त्यानंतर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मराठी मालिकांच्या नकाशावर रायगड, पन्हाळा, पुणे ठळक आहेत. गोदावरीच्या उत्तर तीराचा हा पट्टा फिकट आहे. 'स्वराज्यजननी जिजामाता' या २०१९ च्या मालिकेमुळे शेजारचे सिंदखेड राजा पडद्यावर आले, हे मान्य करूनही ही उणीव राहतेच.

२२.
यावर आक्षेप येईल की मालिका म्हणजे इतिहास नव्हे. आक्षेप खरा आहे. मालिकेला रोज वीस-बावीस मिनिटे भरायची असतात. बखरीतल्या एका ओळीचे चार भाग होतात, संवाद कल्पिले जातात, खलपुरुषाला गडद रंग लागतो. पण बहुसंख्य मुलांची इतिहासाशी पहिली ओळख याच दारातून होते. त्या दारात उभे राहून हसणाऱ्याने एकाही मुलाला आत नेलेले नसते.

२३.
मग तरुण अभ्यासकांनी काय करावे? प्रत्येक ऐतिहासिक भागानंतर घरात तीन प्रश्न विचारावेत. हा प्रसंग कोणत्या साधनात आहे : समकालीन पत्रात, नंतरच्या बखरीत, की कादंबरीत? या प्रसंगात कोणाला बोलू दिले नाही? आणि या काळात आपल्या गावात, आपल्या तालुक्यात काय चालले होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुले जिल्ह्याचे गॅझेटियर उघडतील, देवळातला शिलालेख वाचतील, जुन्या सनदा पाहायला मागतील.

२४.
त्याचबरोबर प्रेक्षकाचीही नोंद ठेवावी. कोणती मालिका, कोणते वर्ष, घरात पहिला संच कधी आला, वीज नसताना कोणाकडे जाऊन पाहिले, कोणत्या प्रसंगी आजी उठून गेली, कोणत्या स्पर्धकाला मत दिले आणि का. टीआरपीचे तक्ते पुढच्या पिढीला मिळतील. ही कारणे मिळणार नाहीत. 'हम लोग'ची पत्रे अभ्यासकांच्या हाती लागली म्हणून १९८४ चा प्रेक्षक आज बोलताना ऐकू येतो. २०२४ च्या प्रेक्षकाचे शब्द भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येतात आणि दुसऱ्या दिवशी खाली सरकून जातात.

२५.
प्रतिसादांत गाव, तालुका, मालिका आणि साल एवढे लिहून घरातल्या वडीलधाऱ्यांची एक प्रतिक्रिया नोंदवावी. पटलेले लिहावे, खटकलेलेही लिहावे. फक्त सोबत कारण असावे. जालन्याच्या स्वारीवर कोणी मालिका काढो वा न काढो, ती पाहायला बसणाऱ्या श्रोत्याचे स्तवन घनसावंगी तालुक्यात जन्मलेल्या एका कवीने साडेतीनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे.

(धागा समाप्त)